करंगळीची किंमत

बोटाचा सांधा कायमचा आखडला तर अपंगत्व किती टक्के? अमेरिकेत १९१७च्या कायद्याने जायबंदी सैनिकांसाठी असं कोष्टक आलं. मोजमाप एकच : सरासरी माणसाची कमाई किती घटेल? १९२४मध्ये सैनिकाचा मूळ धंदाही जमेस धरला गेला. १९३३मध्ये पुन्हा सरासरीच. आजही तीच आहे. अंगठा बोटांपासून दोन इंचांहून दूर ताठला तर २० टक्के, तर्जनी किंवा मधलं बोट ताठलं तर १०, अनामिका वा करंगळी शून्य! शून्य म्हणजे दुखापत सैन्यातलीच हे मान्य, पण पैसे नाहीत. कारकुनाचं त्यावाचून फार अडणार नाही कदाचित. पण भरतीआधी व्हायोलिन वाजवणाऱ्याचं काय? सरासरी माणूस कुठलंच वाद्य वाजवत नाही हो.