महासाथीचा काळ आणि संधिवाताच्या रुग्णांचे मानसिक स्वास्थ्य

दाहजन्य संधिवात हा एक आजार नसून आजारांचा गट आहे. आमवात, सोरायसिसशी निगडित संधिवात आणि पाठीच्या मणक्याला ताठर करणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे त्यातील प्रमुख आजार होत. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. आमवाताचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीन पट अधिक आढळते. कोविड-१९ च्या महासाथीत या रुग्णांच्या सांध्यांइतकीच त्यांच्या मनाचीही कसोटी लागली.

औषधाविषयीची द्विधा

या आजारांत मेथोट्रेक्झेट, स्टेरॉइड, जैविक औषधे अशी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. औषध घ्यावे तर संसर्गाची भीती आणि थांबवावे तर आजार उफाळण्याची भीती, अशा पेचात रुग्ण सापडले. काहींनी डॉक्टरांना न विचारताच औषधे बंद केली. संसर्ग झालेला नसल्यास औषधे परस्पर थांबवू नयेत, असा सल्ला अमेरिका व युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी २०२० मध्येच दिला होता.

तुटवड्याची चिंता

आमवात आणि ल्युपसच्या रुग्णांना वर्षानुवर्षे दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मार्च २०२० मध्ये अचानक चर्चेत आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कोविड रुग्णांच्या सेवेतील आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी व बाधितांच्या घरातील संपर्कातील व्यक्तींसाठी प्रतिबंधक म्हणून त्याची शिफारस केली. मागणी वाढल्याने केंद्र सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले आणि विक्रीचे नियम कडक केले. अनेक ठिकाणी नेहमीच्या रुग्णांनाच गोळ्यांसाठी दुकाने पालथी घालावी लागली. पुढे मोठ्या चाचण्यांमध्ये कोविडवर या औषधाचा लाभ दिसून आला नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमवातावरील टोसिलिझुमॅब या इंजेक्शनचाही तीव्र तुटवडा निर्माण झाला.

वेदना आणि मन

दाह वाढवणारी टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखी द्रव्ये मेंदूच्या कार्यावरही परिणाम करतात. त्यामुळे थकवा, अपुरी झोप आणि उदासीनता येते. झोप बिघडली की वेदना अधिक जाणवते आणि वेदना वाढली की मन खचते. टाळेबंदीत या दुष्टचक्राला पूरक परिस्थिती लाभली. भौतिकोपचार आणि फिरणे थांबले, तपासणीच्या तारखा चुकल्या. घरकामाला येणाऱ्या बायकांचे येणे बंद झाल्यावर भांडी घासणे, कपडे पिळणे ही कामे सुजलेल्या बोटांनी करावी लागली. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या रुग्णाचे दुखणे घरातल्यांच्याही ध्यानात येत नाही. त्यातून येणारे एकाकीपण अधिक बोचरे असते.

अनुभवातून मिळालेले धडे

मार्च २०२० मध्ये स्थापन झालेल्या संधिवाततज्ज्ञांच्या जागतिक गटाने ४० देशांतील ६०० बाधित रुग्णांची माहिती तपासली. दररोज १० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक प्रेडनिसोलोनच्या तोडीचे स्टेरॉइड घेणाऱ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण अधिक आढळले; टीएनएफरोधक औषधे घेणाऱ्यांत मात्र ते कमी होते. आजार आटोक्यात नसणे हीच जोखीम असल्याचे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. म्हणजे ज्या भीतीपोटी औषधे सुटली, ती बऱ्याच अंशी अपुऱ्या माहितीतून आलेली होती. स्पष्ट आणि वेळेवर मिळालेली माहिती हादेखील मानसिक आधारच ठरतो.

भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जारी झाली आणि दूरध्वनीवरून सल्ला घेणे सुकर झाले. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयोगटातील सहव्याधीग्रस्तांचे लसीकरण सुरू झाले. दीर्घकाळ स्टेरॉइड वा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांचाही त्यात समावेश होता.

मदत केव्हा घ्यावी

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, कशातच रस न उरणे, झोप वा भूक बिघडणे ही लक्षणे केवळ सांधेदुखीची समजून अंगावर काढू नयेत. संधिवाताच्या तपासणीच्या वेळीच ती डॉक्टरांना सांगावीत. मनात जीव नकोसा झाल्याचे विचार आल्यास विलंब न करता मदत घ्यावी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य समुपदेशन मिळते. सांध्यांच्या उपचारात मनाची विचारपूस ही ऐच्छिक बाब नसून उपचाराचाच भाग आहे.