कमोडची सीट हलते किंवा वाकडी बसते? घरच्या घरी अशी दुरुस्त करा

वेस्टर्न कमोडची सीट बसताना एका बाजूला सरकते, ही तक्रार बऱ्याच घरांत असते. आपण सावरून बसतो, म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. पण गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा सीटवर पूर्ण भार टाकून बसतात. त्यावेळी सीट सरकली तर तोल जाऊन पडण्याची भीती असते. हे काम बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांचं असतं आणि त्यासाठी प्लंबर लागत नाही.

सीट सैल का होते?

सीट मागच्या दोन बिजागऱ्यांवर टिकून असते. प्रत्येक बिजागरीचा बोल्ट कमोडच्या छिद्रातून खाली जातो आणि खालून नटने आवळलेला असतो. छिद्र बोल्टपेक्षा थोडं मोठं असतं. रोजच्या वापराने नट ढिला झाला की बोल्ट त्या मोकळ्या जागेत सरकतो आणि सीट वाकडी होते.

आधी दोष ओळखा

- सीट डावी-उजवीकडे सरकते : नट सैल आहे.
- सीट जागेवर आहे, पण डुगडुगते : सीटखालचं रबरी बूच झिजलंय किंवा पडलंय. नट आवळून उपयोग नाही, बूच बदला.
- नट घट्ट आहे, तरी सीट हलते : रबरी वॉशर गेलाय किंवा बिजागरी तुटली आहे.

काय लागेल?

हातमोजे, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड किंवा पाना, जुना टूथब्रश आणि मोबाईलचा टॉर्च.

कसं करायचं?

१. बिजागरीवरची प्लास्टिकची झाकणं उघडा. बोल्टचं डोकं दिसेल.
२. दोन्ही नट थोडे ढिले करा. बिजागरीखाली साचलेली घाण ब्रशने काढून जागा कोरडी करा.
३. सीट कमोडच्या कडेशी बरोबर मध्ये आणा.
४. वरून बोल्ट धरून ठेवा आणि नट हाताने आवळा. खालून नटकडे बघत असाल तर घड्याळाच्या दिशेने फिरवा.
५. दोन्ही बाजू आळीपाळीने आवळा. शेवटी पक्कडीने फक्त पाव फेरा द्या.

जोर लावू नका! कमोड चिनीमातीचं असतं. जास्त आवळलं तर तडा जाऊ शकतो, आणि मग सीट नाही, पूर्ण कमोडच बदलावं लागेल.

नट निघतच नसेल तर?

ॲसिडवाल्या क्लीनरमुळे लोखंडी बोल्ट गंजतात. गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. तरीही निघत नसेल, तर हॅक्सॉ ब्लेडने बोल्ट कापा. कमोडला ओरखडे पडू नयेत म्हणून आजूबाजूला जाड टेप लावा. तेल आणि क्लीनर एकत्र येऊ देऊ नका.

वॉल-हंग कमोडमध्ये बऱ्याचदा खाली हात जात नाही. तिथे बोल्ट वरूनच आवळायचे असतात. काही सीटना बटण असतं, ते दाबलं की सीट सुटते आणि खालचे स्क्रू दिसतात.

नवीन सीट घेताना

तीन मापं घ्या : दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर (बऱ्याच कमोडमध्ये ते साधारण १५५ मिमी असतं), छिद्रांपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी, आणि सर्वात जास्त रुंदी. आकार गोल, अंडाकृती की इंग्रजी ‘डी’सारखा, तेही बघा. दुकानात जाताना कमोडचा वरून काढलेला फोटो सोबत न्या.

दुरुस्तीनंतर आठवड्याभराने सीट एकदा हलवून बघा. परत सैल झाली असेल, तर रबरी वॉशर बदला.