अर्धा दिवस गिरणीत, उरलेला कुठे?

मुलांच्या कामाच्या तासांवर भारतात पहिली सर्वसाधारण कायदेशीर मर्यादा घातली ती १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे राबणाऱ्या कारखान्यांना लागू असलेल्या या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, मात्र सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तास काम घेण्याची मुभा ठेवली. मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी अशा कायद्यासाठी कळकळीने खटपट केली होती. मँचेस्टरच्या कापड व्यापाऱ्यांनीही तो लावून धरला होता, पण त्यामागे मुंबईच्या गिरण्यांच्या स्पर्धेची धास्ती होती. पुढे १८९१ मध्ये किमान वय नऊ आणि मर्यादा सात तास झाली, तर १९११ मध्ये कापड गिरण्यांपुरती ती सहा तासांवर आली.

अशा रीतीने ‘अर्धवेळ’ मुलांचा, म्हणजे गिरणीच्या पूर्ण दिवसापैकी एकाच भागात काम करणाऱ्यांचा, वर्ग तयार झाला; कताई खात्यात सुताने भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या चढवणे हे त्यांचे नेहमीचे काम होते. इंग्लंडमध्ये १८४४ च्या कायद्याने अर्धा दिवस गिरणीत घालवणाऱ्या मुलाला शाळेत जाणेही सक्तीचे केले होते. भारतीय कायद्याने तासांची कल्पना घेतली आणि शाळा मात्र वगळली, हा त्याचा सर्वांत गंभीर दोष होय. १९११ मध्येच गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले, त्यामुळे मोकळा झालेला अर्धा दिवस मोकळाच राहिला.

तो काही ठिकाणी दुसऱ्या गिरणीने भरून काढला. एकच मूल एकाच दिवशी दोन कारखान्यांत राबू लागले, तेव्हा १९२६ च्या दुरुस्तीने अशा मुलांच्या पालकांना दंड ठेवला. ज्या तुटपुंज्या मजुरीमुळे मुलांना कामावर धाडावे लागे, तिला मात्र कायद्याने हात लावला नाही.

किमान वय १९२२ मध्ये बारा आणि १९४८ मध्ये चौदा झाले. या दुसऱ्या कायद्याने चौदा ते पंधरा वयाच्या मुलांना साडेचार तासांची मर्यादा घालून रात्रपाळी बंद केली. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना नोकरीस ठेवणे जवळजवळ सर्वत्र निषिद्ध ठरवले, परंतु कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या व्यवसायात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करण्याची सवलत ठेवली. कारखान्यासारखा हजेरीपट नसलेल्या घरात ही अट पाळली जाते की नाही, हे तपासणे निरीक्षकाला फार कठीण आहे.