दम लागतो म्हणून बसून राहू नका : सीओपीडीच्या रुग्णांनी घरी करायचे श्वासाचे व्यायाम

नवीन जालना : थंडी सुरू झाली की दवाखान्यात छाती भरलेल्या पेशंटची गर्दी वाढते. खोकला, बेडका, चार पावलं चाललं की धाप. घरात सगळे म्हणतात, ‘आता वय झालं, बसून राहा.’ नेमकं हेच चुकतं. फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या माणसाला औषधाइतकीच गरज असते ती रोज थोडं चालण्याची आणि श्वास सोडायची पद्धत शिकण्याची.

या आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात. गावात सरसकट ‘दमा’ म्हटलं जातं, पण दोन्ही एक नाहीत. दमा लहानपणीही होतो, येतो-जातो, मधल्या काळात माणूस ठीक असतो. सीओपीडी बहुतेक करून चाळिशीनंतर दिसतो आणि हळूहळू वाढत जातो. श्वासनळ्या आखडतात, फुफ्फुसाचा लवचिकपणा जातो. लोहाराच्या भात्याचं कातडं सैल पडलं तर हवा आत जाते पण पूर्ण बाहेर पडत नाही, तसंच काहीसं. जुनी हवा आत अडकून राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. रुग्णाला वाटतं श्वास घेता येत नाही; खरी अडचण श्वास सोडण्याची असते. पुढचे सगळे व्यायाम याच एका गोष्टीवर उभे आहेत.

बिडी न ओढणाऱ्यांनाही होतो

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. जगभरातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, असं त्यात मांडलं होतं. आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्यांच्या चुलीपुढे तीस-चाळीस वर्षं बसलेली आई किंवा आजी. तिला खोकला आला तर कुणी छातीची तपासणी करत नाही, कारण ती बिडी ओढत नाही. मळणी यंत्रावरची धूळ, जिनिंगमधला कापसाचा भुसा, भट्टीचा धूर यांचाही वाटा असतो. ज्यांना पूर्वी टीबी होऊन गेला, त्यांची फुफ्फुसं टीबी बरा झाल्यावरही कमजोर राहू शकतात. आणि रात्री दार-खिडकी लावून पेटवलेली मच्छर कॉइल : एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं २००३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं.

लॅन्सेट समूहात २०१८ मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१६ साली देशात साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता. त्यातल्या कितीतरी जणांची फुंकर-तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, कधी झालेलीच नसते. नळीत जोरात फुंकायचं, सुई नाही, दुखत नाही. एक्स-रे काढला म्हणजे सगळं कळलं असं समजू नका. सुरुवातीचा सीओपीडी एक्स-रेमध्ये दिसेलच असं नाही. ‘माझी स्पायरोमेट्री करता येईल का,’ असं डॉक्टरांना तोंड उघडून विचारा.

चालल्याने दम वाढतो, मग चालायचं कशाला?

दम लागतो म्हणून माणूस बसतो. बसल्याने मांड्या आणि पिंढऱ्यांचे स्नायू वाळतात. कमजोर स्नायूंना त्याच कामासाठी जास्त ऑक्सिजन लागतो. म्हणजे पुढच्या वेळी दम आणखी लवकर लागतो आणि माणूस आणखी बसतो. वर्षभरात बाजेवरून मोरीपर्यंत जाणंही जड होतं. खराब झालेलं फुफ्फुस व्यायामाने पूर्ववत होत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पण पायांत ताकद आली की त्याच फुफ्फुसावर माणूस जास्त चालू शकतो. २०१५ मध्ये ६५ चाचण्या आणि ३,८२२ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. फिजिओथेरपीसह केलेल्या अशा पुनर्वसनाने दम कमी होतो, चालण्याची क्षमता वाढते, हे त्यात इतकं ठळक दिसलं की यावर आणखी तशाच चाचण्यांची गरज नाही, असं म्हटलं गेलं.

हा कार्यक्रम साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो. मंठा किंवा भोकरदनहून आठवड्यातून दोनदा जालन्याला येणं प्रत्येकाला परवडणार नाही, हे खरं आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत फिजिओथेरपिस्टने रुग्णाच्या घरी फक्त एक भेट दिली आणि नंतर आठवड्याला एक याप्रमाणे सात फोन केले. आठ आठवड्यांनी या रुग्णांचा फायदा दवाखान्यात येणाऱ्यांपेक्षा कमी नव्हता. तेव्हा फिजिओथेरपिस्टकडून एकदा समक्ष नीट शिकून घ्या आणि पुढे फोनवर विचारत राहा. हातात मोबाईल आहेच.

ओठांचा चंबू

सगळ्यात आधी हे शिका. नाकाने शांतपणे श्वास घ्या, मनात ‘एक, दोन’. मग बशीतला गरम चहा फुंकतो तसे ओठ करून हळूहळू सोडा, ‘एक, दोन, तीन, चार’. जोर लावायचा नाही, गाल फुगवायचे नाहीत. यामुळे श्वासनळ्या थोडा जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. निवांत असताना दिवसातून चार-पाच वेळा सराव करा, म्हणजे धाप लागेल तेव्हा आपोआप आठवेल.

धाप लागली तर आडवे पडू नका. बाजेवर किंवा खुर्चीवर बसून पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेका, खांदे सैल सोडा. शेतात असाल तर बांधावरच्या झाडाला किंवा ट्रॅक्टरला हात टेकून वाका. मग चंबू. डॉक्टरांनी तातडीचा पंप दिला असेल तर तोही घ्या.

कामातही हीच युक्ती : जिथे जोर लागतो तिथे श्वास सोडा. हंडा उचलताना सोडा, पायरी चढताना सोडा, वाकून उठताना सोडा. श्वास कोंडून वजन उचलायचं नाही. आंघोळ स्टुलावर बसून करा. मोरीत उभं राहून अंगावर तांब्याने पाणी घेण्यातच पुष्कळांचा दम जातो.

चालणं मोजून वाढवा. सुरुवात पाच मिनिटांची असली तरी चालेल, मध्ये थांबलात तरी चालेल. चालताना थोडा दम लागलाच पाहिजे, पण तुटक का होईना बोलता आलं पाहिजे. अजिबात बोलता येत नसेल तर वेग कमी करा. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत वीस-तीस मिनिटांपर्यंत न्या. थंडीत पहाटेच्या धुक्यात, धुरात निघू नका, ऊन पडल्यावर निघा. सोबत खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग दहा. हातांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पुरतात.

बेडका जास्त पडणाऱ्यांनी, विशेषतः टीबी होऊन गेलेल्यांनी, जोरजोरात खोकण्याऐवजी ‘हफ’ शिकावं. तीन-चार खोल श्वास घ्या, मग आरशावर वाफ धरतो तसं तोंड उघडं ठेवून ‘हाऽ’ करत हवा बाहेर ढकला. दोन-तीन हफनंतर कफ वर येतो, तेव्हा एकदा खोका. बेडक्यात रक्त दिसलं तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा.

गावात चालणाऱ्या काही गोष्टी

कोरोनापासून तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र घरोघरी आलं. ऑपरेशननंतर त्याचा वापर होतो. सीओपीडीत मात्र ते चालण्याची जागा घेऊ शकत नाही. कपालभाती आणि श्वास रोखून धरणारे प्रकार दम असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत. श्वास न रोखता, सावकाश केलेला अनुलोम-विलोम बहुतेकांना सोसतो. ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत खोटी आहे. पंपातलं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून थोड्या मात्रेत काम होतं. उलट दर महिन्याला ‘दम्याची सुई’ आणि स्टेरॉइडच्या गोळ्या घेत राहिल्याने शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. पंप कसा ओढायचा हे मात्र डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. पुष्कळांचं औषध फुफ्फुसात न जाता घशातच राहतं. स्पेसर लावला तर सोपं जातं.

बिडी-तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. चूल बंद करता येत नसेल तर निदान धूर बाहेर जाईल अशी जागा करा. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला.

घरी ऑक्सिमीटर असेल तर बसल्या जागी तुमचा नेहमीचा आकडा किती असतो तो लिहून ठेवा. चालताना तो ८८ च्या खाली गेला तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा. घरी ऑक्सिजन मशीन असेल तर मनाने प्रवाह वाढवू नका. सीओपीडीच्या रुग्णांत साधारण ८८ ते ९२ पुरेसा धरतात, गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो. ताप असेल, बेडका हिरवा-पिवळा किंवा जास्त झाला असेल, तर व्यायाम बंद ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओठ-नखं निळी पडली, छातीत दुखू लागलं, माणूस गुंगीत गेला किंवा एक वाक्यही बोलता येईना, तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत रुग्णाला बसतं, पुढे झुकवून ठेवा.