नाण्यावरील व्यक्तिचित्र, संगणकीय

छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादा चेहरा नाण्याच्या आराखड्यात बसवण्याची क्रिया. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचा मुखवटा असलेला संस्थानकालीन रुपया कोणी दाखवला, तर तो असाच घडवलेला समजावा. मराठ्यांच्या काळात झाशीच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयांवर ‘बळवंतनगर’ हे टांकसाळनाम आणि बादशहा शाह आलम दुसरा याच्या नावाचा फार्सी मजकूर असे, चेहरा नसे. शिवाय राणींचे निर्विवाद अस्सल छायाचित्रही उपलब्ध नाही. त्यामुळे संपादक ज्या चेहऱ्यापासून सुरुवात करतो, तोच मुळात चित्रकाराच्या कल्पनेतला असतो. १९५७ च्या १५ नव्या पैशांच्या टपाल तिकिटावरची घोडेस्वार राणीही चित्ररूपच आहे.

कृती दिसते तितकी सोपी नाही. चेहरा कापून त्याचे रंग काढतात, तो धातूच्या छटेच्या थरावर ठेवतात आणि उठावाचा परिणाम देतात. खरी अडचण प्रकाशाची. अक्षरांवर उजेड डावीकडून आणि गालावर उजवीकडून पडला, की बनाव उघडा पडतो. चित्रातील उजळपणालाच उंची मानून त्रिमितीय नमुना काढला तर प्रकार हास्यास्पद होतो : काळ्या केसांचा खड्डा आणि नाकावरच्या चकाकीचा डोंगर. म्हणून साचा करणारा शिल्पी उंचसखलपणा स्वतः ठरवतो. पूर्वी तो मोठ्या प्लास्टर नमुन्यावर ठरे व यंत्राने लहान करून पोलादात उतरे. आता बरेच काम पडद्यावर होते. भारत सरकारच्या १९९९ मधील दोन रुपयांच्या नाण्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांची मुद्रा पाहिली, की उठावातील चेहरा आणि चिकटवलेले छायाचित्र यांतला फरक कळतो.