दोघंही वाकतात तेव्हा

आषाढी वारीचा पुण्यातला मुक्काम. तुम्ही नाना पेठेत, निवडुंग्या विठोबापाशी उभे आहात. तुकोबांची पालखी आत विसावली आहे. माउलींची जवळच, भवानी पेठेतल्या पालखी विठोबात. फोटो काढता काढता एका म्हाताऱ्या वारकऱ्याशी नजरानजर होते. रीत म्हणून तुम्ही त्याच्या पाया पडायला वाकता. त्याच क्षणी तोही तुमच्या पाया पडायला वाकतो आणि दोन कपाळं ठाण्णकन एकमेकांवर आदळतात.

डोळ्यांपुढचे काजवे विझतात, तर हातात फोन नाही. पायाखाली डांबर नाही, माती आहे. समोर इंद्रायणी. साल १९१७, गाव आळंदी.

पुण्याचे विष्णुबुवा जोग यांनी इथे नुकतीच वारकरी शिक्षण संस्था काढली आहे. तालमीत कमावलेलं शरीर, आजन्म ब्रह्मचर्य, गळ्यात तुळशीची माळ. शिकायला आलेल्या पोरांमध्ये तुम्हीही आहात. पण आधी पोथी मिळत नाही, झोळी मिळते. मधुकरीला जायचं.

पहिल्या दाराशी तुमची जीभ उचलत नाही. आयुष्यात तुम्ही कर्ज मागितलंय, सुट्टी मागितलीय, पगारवाढ मागितलीय. भाकरी कधी मागितलेली नाही. घरातली बाई तुमच्याकडे नीट बघतही नाही. चतकोर भाकरी आणि बोटभर ठेचा झोळीत टाकून ती चुलीकडे वळते. तिच्या लेखी तुमच्या पदवीची किंमत शून्य, भुकेची मात्र चतकोर. परत येताना झोळीत ज्वारी, बाजरी, शिळं, ताजं सगळं एक झालेलं असतं. निवडून खायची सोय नाही.

मग पाठ सुरू होतो. ओवी म्हणायची, अर्थ ऐकायचा, पुन्हा म्हणायची. एका ठिकाणी तुम्ही अडता. ‘‘हे मला पटत नाही,’’ असं बोलून जाता आणि जीभ चावता. पण कोणी डोळे वटारत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवायची वाट तीन शब्दांत सांगितली आहे: प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. नमस्कार आणि सेवा यांच्या बरोबर मधोमध प्रश्न बसलाय, आणि तोही खोदून खोदून विचारलेला. श्रद्धेचा अर्थ तुम्हाला इथे थोडा उमगतो: शंका घेऊनच बसायचं, पण उत्तर हाती लागेपर्यंत उठून जायचं नाही.

पापणी लवते आणि तुम्ही टिळक रस्त्यावर, सर परशुरामभाऊ महाविद्यालयात असता. १९४० चं दशक. जोग महाराजांना जाऊन वीस-पंचवीस वर्षं झाली आहेत. त्यांचे शिष्य शंकर वामन दांडेकर इथे तत्त्वज्ञान शिकवतात. लोकांचे सोनोपंत, विद्यार्थ्यांचे मामा. कॉलेजात प्लेटो, कॉलेजबाहेर ज्ञानेश्वरी. या दोघांना शेजारी बसवणारं पुस्तकही त्यांनी लिहिलं. पुढे ते प्राचार्य झाले, १९५३ मध्ये त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आली, पण वारी सुटली नाही. वारीत भेगाळल्या टाचांचा शेतकरी समोर आला की तोही वाकणार आणि मामाही वाकणार. तिथे प्राचार्य कोण, हे कोणी विचारत नाही.

तुमच्या मनात पाल चुकचुकतेच. ज्याला खुर्ची आहे त्याचं वाकणं लोक कौतुकानं सांगतात; ज्याचा जन्मच वाकण्यात गेला, त्याला नम्रता कोणी आणि कोणत्या तोंडानं शिकवायची? दलित संत चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. वाटेवर सगळे माउली, पण दलितांना देवळाचं दार बंद, अशी तिथे पिढ्यानपिढ्या रीत होती. ते दार उघडावं म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे नमस्काराची खरी परीक्षा एकच: समोरचाही आपल्याइतकाच ताठ उभा राहू शकतो का?

‘‘लागलं का हो, माउली?’’

पुन्हा नाना पेठ. टाळांचा आवाज, चहाच्या टपरीवरची गर्दी, बुक्क्याचा वास. म्हातारा एका हातानं स्वतःचं कपाळ चोळतोय, दुसऱ्या हातात तुमचा फोन धरून उभा आहे. तुम्ही ओशाळून म्हणता, ‘‘बाबा, मी आधी वाकलो होतो. तुम्ही कशाला...’’

तो फोन धोतराला पुसून तुमच्या हातात देतो आणि मिशीत हसतो.

‘‘आधी कुणी वाकायचं ह्ये ठरल्यालं नसतंय न्हवं, म्हून तर डोकी आदळत्यात.’’