दक्षिणेचा आकडा

जुन्नरहून घाटघरच्या पुढं नाणेघाटाच्या तोंडाशी गेलं की लोक आधी दगडी रांजण पाहतात. जकातीचा रांजण म्हणतात त्याला. मी मात्र सरळ गुहेत जाते. तिथल्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. शाळेत असताना ‘राणीनं केलेल्या यज्ञांचा लेख’ एवढंच ऐकलं होतं. पुढं हिशेबाच्या कामात केस पिकायला लागल्यावर त्याचं भाषांतर वाचलं आणि वाटलं, अहो, ही तर खर्चाची खतावणी आहे! यज्ञाचं नाव, त्याची दक्षिणा. पुन्हा यज्ञ, पुन्हा दक्षिणा. कुठं गाई 10,001, कुठं कार्षापण 24,400. आपल्या देशातल्या अंकचिन्हांचे हे फार जुने नमुने. पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यांचा अभ्यास केला होता.

पती सातकर्णी गेल्यावर, मुलं लहान असताना नागनिकेनं राज्याचा कारभार पाहिला, असं अभ्यासक मानतात. ही अक्षरं कोरली कुणी, त्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. तो पगारी असणार. हिशेब राणीचा होता.

पुढच्या काळात गावचा हिशेब कुलकर्ण्याकडं आला. ती नुसती नोकरी नव्हे, वतन होतं; वारसानं चालणारी मालमत्ता. म्हणजे वहीला मालक होता. त्यात बायकांची जागा कुठं? 1886 साली मुंबई इलाख्यातल्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घरातल्या बाकी बायका वारसाहक्कात सगळ्या पुरुषांच्या मागं ढकलल्या गेल्या. 1950च्या कायद्यानं कुलकर्णी वतनंच गेली आणि तो प्रश्न मिटला. सवय मिटली नाही.

तिकडं मद्रासेत आर. शिवभोगम 1933 साली अकौंटन्सीची सरकारी पदविका मिळवून देशातल्या पहिल्या महिला लेखापाल झाल्या. पुढं त्यांनी स्वतःचा व्यवसाय मांडला. 1955 ते 1958 या काळात सनदी लेखापालांच्या दक्षिण विभागीय परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. मला त्यांचं नाव चाळिशीत कळलं.

तोवर मी आंबेगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेत अकरा वर्षं लेखनिक होते. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, सगळं माझ्या हातचं. ऑडिटर आले की वह्या मी काढून द्यायच्या, चहाही मीच सांगायचा. ताळेबंदावर सही दुसऱ्यांची. एकदा शिल्लक रोकड जुळेना. मी व्यवस्थापकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘बाई, तुम्ही लिहायचं काम करा.’ मी लिहायचं काम केलं. आज सांगताना लाज वाटते, पण त्या रात्री मला छान झोप लागली. सांगितलं होतं ना मी! पुढचं वरचे बघतील. पगाराबरोबर ही झोपही मिळते, ते नोकरी सोडेपर्यंत कळत नाही.

सहकार आयुक्तांतर्फे जी. डी. सी. अँड ए. नावाची परीक्षा होते. ती देऊन, ठरलेला अनुभव गाठीशी आला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून सरकारी नामतालिकेवर नाव लागू शकतं. माझं लागलं. सहकार कायद्यात 2013 साली मोठे बदल झाले. संस्थेच्या सर्वसाधारण सभेनं नामतालिकेतला लेखापरीक्षक निवडायचा, आणि त्याला गैरव्यवहार दिसला तर त्यानं निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा; प्रसंगी त्यांच्या परवानगीनं पोलिसांत फिर्यादही द्यायची. आता ‘वरचे’ कुणी नव्हते. पहिला अहवाल सही करण्यापूर्वी मी तीनदा वाचला. यजमान म्हणाले, ‘अगं, पाठ करायचाय का?’

पण सहीपेक्षा अवघड निघाली फी. लेखापरीक्षणाचे दर सरकारी असतात, तिथं प्रश्न नाही. 2017 साली जीएसटी आला तेव्हा नारायणगाव, मंचर भागातले खतं-औषधांचे, सुट्या भागांचे दुकानदार वह्या घेऊन येऊ लागले. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, ‘ताई, किती द्यायचे?’ मी म्हणाले, ‘द्या की काहीही.’ त्यांनी खरंच काहीही दिलं. वर्षभर हेच चाललं. शेजारच्या गाळ्यातले कर सल्लागार तेवढ्याच कामाचे स्पष्ट पैसे सांगत आणि त्यांना ते मिळतही. माझ्या मनात अजून महिनाअखेरीचं पाकीट होतं. कुणीतरी ठरवायचं, आपण मोजून घ्यायचं.

नाणेघाटचं भाषांतर मी त्याच सुमारास वाचलं. दक्षिणा म्हणजे तरी काय, केलेल्या कामाचं देणंच की. दगडावर आकडा घालताना राणीला संकोच वाटला नाही. मी दरपत्रक टाइप करून भिंतीला लावलं. दोन गिऱ्हाइकं गेली. एक परत आलं.

हाताखाली एक मुलगी घेतली होती, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली, आकड्यांना पक्की. तीही परीक्षा पास झाली आणि एका संध्याकाळी पेढे ठेवून म्हणाली, ‘मॅडम, मंचरला गाळा बघितलाय.’ मला राग आला, खोटं कशाला बोलू? एवढं शिकवलं आणि ही निघाली! तिला विचारलं, दुकानाच्या वह्यांचे किती घेणार? तिनं चटकन आकडा सांगितला. माझ्या दरपत्रकापेक्षा दोनशे रुपयांनी जास्त होता.

या मार्चअखेरीला तिच्या जागी माणूस मिळालं नाही. सगळ्या वह्या मीच लिहिल्या.